हात ढिला सोड

बारामती,
ता. १९ नोव्हेंबर १९३४

चि. महिपतीस हिंदुराव वस्तादाचा आशीर्वाद.

शांघायहून परतून तुला दोन वर्षं झाली. इंदापूरहून बारामती काही चीनइतकी लांब नाही, तरी तुझी पावलं इकडे वळली नाहीत. त्याचा राग मी नंतर काढीन. आज कामाचं लिहितो.

तुझी फुलाबाई काकी आजारी आहे. गौरी उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता ती चुलीपुढं उजव्या अंगावर कलंडली. अंगावरून वारं गेलं. पायात आता थोडी ताकद आली आहे, भिंत धरून न्हाणीपर्यंत जाते. वाचा मात्र गेली. एकच शब्द उरला आहे, 'न्हाय'. चहा देऊ का म्हटलं तर न्हाय, आणि वर कप ओढून घेते. शेजारची रंगूबाई दोन वेळचं रांधून देते, तिलाही न्हाय. तालमीत सध्या सर्जेराव म्हणून एक दांडगं पोरगं आहे. त्यानं परवा विचारलं, "काकी, वस्ताद लई गुणाचा माणूस हाय का वो?" ती म्हणाली, "न्हाय." सगळी तालीम हसली. फुलाबाईही हसली, अर्ध्या तोंडानं.

हसण्यावारी नेता येत नाही ते पुढं आहे. तिची उजवी मूठ वळली आहे ती उघडत नाही. पडली तेव्हा त्या हातातल्या बांगड्या फुटल्या आणि मुठीवरून नवी बांगडी चढत नाही. डावा हात भरलेला आणि उजवा भुंडा. कोणी बाई आली की ती तो हात पदराखाली घालते. एकजण दारात बोलून गेली, "नवरा धडधाकट असून हात भुंडा, बरं न्हाय दिसत." तिनं ते ऐकलं आणि तेव्हापासून जेवण अर्ध्यावर आलं. चांदीचं उघडझाप करायचं कडं आणू म्हटलं, तर तोंड फिरवलं. तिला काचच हवी, हिरवी. संक्रांतीला बाया वाण घेऊन येतील तेव्हा दोन्ही हात पुढं करायचे आहेत. ते तिनं मला खुणांनी समजावलं. समजायला मला अख्खी दुपार लागली.

डॉक्टरांचं औषध संपलं, गुण नाही. आता कानावर येतं की तू सकाळी रानात उभा राहून हवेत हात फिरवतोस, ती चिनी विद्या आहे आणि सगळी करामत तळहाताची आहे. खरं काय ते सांग. त्यानं मूठ उघडते का?

हिंदुराव

---

इंदापूर,
ता. २५ नोव्हेंबर १९३४

तीर्थस्वरूप वस्ताद यांच्या पायांवर डोकं ठेवून महिपतीचा नमस्कार.

पत्र ज्वारीतल्या राखणीच्या माळ्यावर बसून वाचलं आणि बराच वेळ गोफण हातातच राहिली. काकीला भेटायला आलो नाही, कारण तिनं मला द्वारकेबद्दल विचारलं असतं. माझ्या लग्नासाठी द्वारका काकीनंच पाहिली होती. मी तिकडे असताना ती तापानं गेली आणि ते मला कळलं तेव्हा तिचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. काकीला मी काय सांगणार होतो?

आता तुम्ही विचारलंत त्याचं. मुंबईच्या कापूसवाल्या शेटजींच्या शांघायच्या वखारीवर मी राखणदार होतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. फाटकासमोर लिऊ नावाचा म्हातारा चहा विकायचा. उजाडलं की किटली बाजूला ठेवून तो एक प्रकार करायचा. कुस्तीच, पण समोर गडी नाही आणि घाईही नाही. त्याला ते ताई-ची म्हणतात. मी पैलवानी तोऱ्यात त्याला हसलो. त्यानं मला हात धरायला सांगितलं. मी पंजा आवळला, तुम्ही शिकवलात तसा. त्यानं आपला हात नुसता वळवला आणि मी चिखलात बसलो. दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे शिकायला लागलो.

पहिले काही महिने त्यानं मला फक्त तळहात कसा ठेवायचा ते शिकवलं. तळहात कौलासारखा, मधे किंचित खोल. बोटं चिकटवायची नाहीत, फाकवायचीही नाहीत, मधून वारा जाईल एवढी जागा. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधल्या जागेला ते वाघाचं तोंड म्हणतात, ते गोल उघडं ठेवायचं. मनगटाला मोड नको. मनगट सरळ आणि मऊ असलं की त्या हाताला ते रूपवान बाईचा हात म्हणतात. हसू नका. हे झालं की लक्ष तळहाताच्या मध्यावर, ओंजळीनं पाणी पिताना जिथं पाणी साचतं तिथं ठेवायचं. लक्ष जातं तिथं दम जातो, असं लिऊ सांगायचा. थोड्या वेळानं तिथं ऊब येते. ती मला येते, एवढं मी शपथेवर सांगतो.

ते औषध आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. वळलेली मूठ उघडलेली मी पाहिली नाही. पण एक नक्की सांगतो, ओढून उघडू नका. ओढलेला हात आणखी आवळतो.

मी स्वतः आलो असतो, पण ज्वारी निसवली आहे, कोवळ्या कणसांवर पाखरांचे थवे उतरतात आणि घरात राखणीला दुसरं माणूस नाही. शेजारचा भीमा मला माळ्यावर हात फिरवताना बघतो आणि ओरडतो, "महिपतराव, पाखरं हाकलताय का जेवायला बोलावताय?"

काकीला माझा नमस्कार सांगा. ती न्हाय म्हणेल, तरी सांगा.

आपला महिपती

---

बारामती,
ता. ७ डिसेंबर १९३४

चि. महिपतीस आशीर्वाद.

तुझं पत्र तालमीत मोठ्यानं वाचलं. रूपवान बाईच्या हातापाशी पोरं लोळायला लागली. मी जन्मभर मूठ आवळायला शिकवली आणि माझा पठ्ठ्या समुद्रापार जाऊन ती सोडायला शिकून आला.

तुझं कौल आणि वाघाचं तोंड बाजूला ठेवून मी मला येतं तेच केलं. आखडलेला सांधा कसा सोडवतात ते मला कोणी शिकवायला नको. तिळाचं तेल कोमट केलं, मनगटापासून रगडत आणलं आणि एकेक बोट उलगडायला घेतलं. तीन दिवस रगडलं. चौथ्या दिवशी साखरबाई कासारीण गल्लीत आली, तिला वर बोलावलं. म्हटलं, मी बोटं धरून ठेवतो, तू चढव.

साखरबाई सगळ्या बायांना म्हणते तसं म्हणाली, "हात ढिला सोड, बाई." फुलाबाईनं मान फिरवली. मी बोटं धरली. ती "न्हाय, न्हाय" करायला लागली. दुखतंय हे मला दिसत होतं. पण तालमीत पोरगं ओरडतं त्याच वेळी सांधा जागेवर येत असतो, तेव्हा सोडला तर सगळं फुकट. मी आणखी दाबलं. साखरबाई म्हणाली, "वस्ताद, ऱ्हाऊ द्या." मी म्हटलं, "चढव." अंगठ्याच्या बुडाशी बांगडी फुटली. काच मनगटात गेली.

रक्त थांबलं. जखम मोठी नाही. पण आता तो हात ती मलाही दाखवत नाही. मी खोलीत गेलो की पदराखाली जातो. बायांपासून लपवायची तो हात आता माझ्यापासून लपवते. साखरबाई काचा वेचून घेऊन गेली.

काय करू ते लिही. ह्या वेळी वाचून बाजूला ठेवणार नाही.

हिंदुराव

---

इंदापूर,
ता. १३ डिसेंबर १९३४

तीर्थस्वरूप वस्तादांस साष्टांग नमस्कार.

लहान तोंडी मोठा घास घेतो. काकी तालमीतलं पोर नाही. आम्ही ओरडायचो, पण ओरडून झाल्यावर उठून तिच्याकडेच दूध प्यायला जायचो. ती कोणाकडे जाईल?

साखरबाई म्हणते तेच लिऊ म्हणायचा. ढिला सोड. पण दुसऱ्याला सांगून हात ढिला होत नाही, आधी आपला व्हावा लागतो. म्हणून आता तिच्या हाताचं काही करू नका. तुमच्या हाताचं करा.

सकाळी तिच्या उजव्या बाजूला बसा. तुमचा डावा तळहात मांडीवर उताणा ठेवा, कौल उलटं ठेवल्यासारखा. मनगट सरळ. बोटांत वारा जाईल एवढी जागा. आवळायचा नाही आणि मेल्यासारखा टाकायचाही नाही. मग लक्ष मध्यावर आणा. मन तालमीत जाईल, त्याला परत आणा. ऊब येईल, कदाचित उशिरा येईल, कारण तुमच्या हातांना ही सवय नाही. तिचा हात मागू नका. तिला वाटलं तर ती ठेवील.

हे तळहाताचं अवघड वाटतं म्हणून एक सांगतो. लिऊ माझ्या हातावर काडी मारून दुरुस्त करायचा, तरी मला जमत नव्हतं. एके दिवशी एकाएकी काकी आठवली, काटवटीपुढं बसलेली. भाकरी थापताना तिचा हात आठवा. बोटं किंचित सुटी, मधे पोकळी, मनगट सरळ, आणि भाकरी आपोआप गोल फिरायची. जोर कुठंच दिसायचा नाही. मी तसा हात धरला आणि लिऊनं काडी खाली ठेवली. म्हणाला, "हे कुठं शिकलास?" मी म्हटलं, "घरी."

पुढं जास्त शिकायचं राहून गेलं. बत्तीस साली जपान्यांच्या तोफा सुरू झाल्या, त्या दिवशी तो नदीपलीकडच्या मोहल्ल्यात आपली पाळलेली मैना आणायला गेला आणि परत आला नाही. तो मोहल्लाच उरला नाही. त्यामुळे मला जेवढं येतं तेवढंच तुम्हाला लिहितो आहे.

वस्ताद, तुमच्याजवळ तिचा हात आहे. मूठ का असेना. मी परत आलो तेव्हा मला धरायला तोही नव्हता.

आपला महिपती

---

बारामती,
ता. ४ जानेवारी १९३५

चि. महिपतीस आशीर्वाद.

लिहायला उशीर झाला, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. रोज सकाळी तिच्या शेजारी हात उताणा टाकून बसलो. पहिले काही दिवस माझ्या हातात ऊब तर नाहीच, मुंग्या आल्या. सर्जेराव दारातून डोकावून म्हणाला, "वस्ताद, भिक्षा मिळंल, पर मोठ्यानं मागा की." त्याला दोनशे बैठका दिल्या. फुलाबाईला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

एकदा तिला म्हटलं, "मी लई जोर केला. चुकलं माझं." चाळीस वर्षांत असं मी तिला पहिल्यांदा म्हटलं असेन. ती म्हणाली, "न्हाय." आणि माझ्या गुडघ्यावर डावा हात ठेवला.

त्यानंतर दोन दिवसांनी उजवा हात पदराबाहेर आला. आला आणि मांडीवर राहिला. मी बघितलं नाही, तू मागू नका लिहिलं होतंस म्हणून खिडकीकडं बघत बसलो. मग एके सकाळी तिनं डाव्या हातानं ती मूठ उचलली आणि माझ्या तळहातावर आणून ठेवली, पोराला पाळण्यात ठेवतात तशी. महिपती, मूठ थंड होती. बसून बसून ऊब आली. माझ्या हाताला आली का तिच्या, ते सांगता येत नाही.

काल करंगळी सुटली. आज तिच्या शेजारचं बोटही थोडं सैल आहे. रंगूबाईला दाखवलं तर तिनं पदर डोळ्यांना लावला. साखरबाईला निरोप दिला आहे, ती भोगीच्या दिवशी गल्लीत येणार आहे. संक्रांतीला बाया यायच्या आत हात भरेल असं वाटतं. फुलाबाईला सांगितलं, ती रोज दाराकडं बघते.

तू म्हणतोस ते तळहाताचं खरं दिसतं. तालमीत मात्र मी हे कबूल करणार नाही.

हिंदुराव

---

इंदापूर,
ता. ८ जानेवारी १९३५

तीर्थस्वरूप वस्तादांस साष्टांग नमस्कार.

करंगळी सुटली हे वाचून मी माळ्यावर उभा राहून ओरडलो. सगळी पाखरं एकदम उठली. भीमा धावत आला, त्याला वाटलं साप चावला.

इथल्या कासाराकडून हिरव्या बांगड्या घेतल्या आहेत. काकीचा हात मला आठवतो, त्या मापाच्या घेतल्या आणि एक माप मोठ्याही घेतल्या. माझी चुलतबहीण रतन माळेगावला सासरी जाते आहे, ती संक्रांतीच्या दिवशी मोटारीनं बारामतीला उतरून आधी तुमच्याकडे येईल. साखरबाईनं भोगीला चढवल्या तर माझ्या ठेवून द्या, पुढच्या सणाला होतील.

एक ऐका मात्र. हात पुरता उघडला की लगेच कासारणीला हाक मारू नका. उघडलेला हात पहिल्यांदा बावरलेला असतो. तुमच्या हातात थोडा वेळ तसाच राहू द्या. एक दिवस राहिला तरी चालेल. घाईनं तो पुन्हा मिटेल आणि दुसऱ्यांदा उघडायला फार वेळ लागेल.

ज्वारी हुरड्यात आली आहे. निघाली की पहिली पिशवी घेऊन मीच येतो. भाकरी काकीनं थापायची. वाकडी झाली तरी खाईन.

आपला महिपती

---

बारामती,
ता. १९ जानेवारी १९३५

महिपती,

कार्डाचा फाडलेला कोपरा बघून वाईट बातमी तुला कळलीच असेल. म्हणून आशीर्वाद लिहिला नाही. एका कार्डात मावणार नाही, दोन लिहितो आहे.

भोगीच्या सकाळी रोजच्यासारखे बसलो होतो. रंगूबाई चुलीपाशी तीळ लावून बाजरीच्या भाकरी करत होती. थापण्याचा आवाज येत होता. फुलाबाई तो ऐकत होती. माझ्या हातावरची मूठ हलली असं वाटलं. खाली बघितलं तर उघडलेली होती. पाचही बोटं. मधे खोल, मनगट सरळ. तू लिहिलं होतंस तसा हात. आणि महिपती, तिनं तो माझ्या तळहातावर हलकेच आपटला. पुन्हा आपटला. रंगूबाईच्या आवाजाबरोबर ती माझ्या हातावर भाकरी थापत होती.

त्याच वेळी गल्लीत साखरबाईची हाक आली. मी विचारलं, "बोलवू का?" ती म्हणाली, "न्हाय." ते खरं होतं का नेहमीचं, मला कळलं नाही. तुझं पत्र आलेलं होतं. घाई करू नका, एक दिवस राहू द्या. शिवाय उठायचं तर हात काढून घ्यावा लागला असता. मी उठलो नाही. साखरबाई हाक देत पुढं निघून गेली. म्हटलं, उद्या घालू.

संक्रांतीला उजाडताना दुसरा झटका आला. दुपारपर्यंत संपलं.

रतन तुझ्या बांगड्या घेऊन आली तेव्हा बाया तिला न्हाऊ घालत होत्या. सवाष्ण गेली, हात भरून पाठवायची. साखरबाईला बोलावणं गेलं. तिनं उजवा हात हातात घेतला आणि सवयीनं म्हणाली, "हात ढिला सोड, बाई." मग स्वतःचंच तोंड दाबून धरलं. तुझ्या बांगड्या एकापाठोपाठ एक चढल्या. लहान मापाच्याच बसल्या. तुझी आठवण बरोबर होती.

तू स्वतःला बोल लावशील म्हणून लिहितो. लावू नकोस. तू सांगितलं नसतंस तर मी साखरबाईला बोलावलं असतं, तिचा हात भरला असता आणि माझ्या हातावर ती भाकरी थापायची राहिली असती. मला विचारशील तर मी पुन्हा बसूनच राहीन. तिला काय हवं होतं ते मात्र मला सांगता येत नाही, आणि तेच रात्रंदिवस टोचतं.

तालीम बंद नाही. सर्जेराव चेष्टा करत नाही, तेच वाईट वाटतं.

सकाळी जाग आली की मी त्याच जागी बसतो. हात आपोआप उताणा पडतो. कौलासारखा. लक्ष मध्यावर जातं आणि ऊबही येते. वर काही नसताना तो किती वेळ धरायचा, ते तू कोणत्याच पत्रात लिहिलं नाहीस.

हिंदुराव

---

इंदापूर,
ता. २२ जानेवारी १९३५

वस्ताद,

ते लिऊनं मला शिकवलं नाही. भीमाला वाटतं मी माळ्यावर कसरत करतो. द्वारका गेल्यापासून मी हात तसाच धरून उभा आहे.

उद्या सकाळच्या मोटारीनं निघतो, दहाव्याला पोहोचतो. ज्वारी उभी आहे आणि राखणीला कोणी नाही. खाऊ दे पाखरांना.

महिपती